जॅनेट तुस्कानोची फिर्याद

जॅनेट तुस्कानोने एखाद्यावर डूख धरला की तो माणूस गुंगालिन सोडून गेला तरी सुटत नाही, असं तिचा मुलगा केल्विन म्हणतो, आणि तो अनुभवाने बोलतो. चर्चमधल्या ज्या बाईने तिच्या हातच्या इंद्याळ रश्श्याला ‘जरा आंबट’ म्हटलं होतं, ती बाई पर्थला राहायला गेली, आजी झाली, तरी दर नाताळला जॅनेट तिची आठवण काढते. शुभेच्छा द्यायला नव्हे.

बाकी बाई चांगली. अंगाने बारीक, चालायला तुरतुरीत, कोणाच्या घरी बाळंतपण असो की मयत, पहिला डबा हिचा. वसईजवळच्या गासची. नवरा नॉर्बर्ट फिटर होता. त्याच्या बरोबर कॅनबेराला आली तेव्हा तिथल्या या गुंगालिन उपनगरात घरांपेक्षा मेंढ्या जास्त होत्या. एका सरकारी खात्याच्या रेकॉर्ड विभागात तिने निवृत्तीपर्यंत नोकरी केली. कोणती फाइल कुठे ठेवली हे ती सांगायची आणि कोणी कधी फाइल परत केली नव्हती हेही सांगायची. दुसरी गोष्ट लोकांना फारशी आवडत नसे.

निवृत्तीनंतर घरात बसून काय करायचं, म्हणून तिने एक उद्योग शोधला. वेल्समधल्या एका अभिलेखागाराने जुन्या जहागिऱ्यांचं दप्तर फोटो काढून इंटरनेटवर टाकलं होतं आणि ते हस्ताक्षर वाचून टाइप करायला जगभरातून स्वयंसेवक बोलावले होते. जॅनेटच्या वाट्याला प्लास हेडिन नावाच्या जहागिरीच्या कोर्टाच्या वह्या आल्या. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या. तिला वाटलं होतं, लॉर्ड असतील, लेडी असतील, मेजवान्या असतील. निघाली ती शेजाऱ्यांची भांडणं.

ते कोर्ट जमीनदाराचं. वर्षातून दोनदा भरायचं, जमीनदाराचा कारभारी समोर बसायचा आणि गावातली बारा कुळं पंच म्हणून शपथ घ्यायची. गावात कोणी काय आगळीक केली ते या बारा जणांनी सांगायचं. अमक्याने डुकरं मोकळी सोडली, तमक्याने ओढ्याचं पाणी वळवलं, आणि सगळ्यात जास्त वेळा, कोणीतरी कुंपण सरकवून गावाची सामाईक जमीन आत घेतली. मग त्याला दंड आणि ‘अमुक सणाच्या आत कुंपण मागे घे’ असा हुकूम. जॅनेटने पहिलं पान वाचलं आणि खुर्चीत सरसावून बसली. बांध कोरणं! गासला तिच्या सासऱ्याचं आणि त्याच्या चुलतभावाचं अख्खं आयुष्य याच्यात गेलं होतं. केळीच्या वाडीतला बांध दर पावसाळ्यात एक वीत इकडे, एक वीत तिकडे. वेल्समधले गोरे लोकही तेच करत होते हे कळल्यावर तिला त्यांच्याविषयी एकदम आपुलकी वाटायला लागली.

सकाळी चहा झाला की ती लॅपटॉप उघडायची. बाहेर गवतावर दहिवर गोठलेलं असायचं, आत हीटर घरघरत असायचा आणि जॅनेट अठराव्या शतकातल्या कोणा रीस बेव्हनच्या लबाड्या टाइप करत असायची. नॉर्बर्ट तिला चिडवायचा, “तुला चुगल्या वाचायच्या असतात, वर ‘हिस्टरी’ म्हणतेस.” हे अगदी खरं होतं.

मग नॉर्बर्ट गेला. सकाळी ट्रामच्या स्टॉपवर हृदय थांबलं, इतकंच. त्याच्यामागे जॅनेटकडे त्याच्या हातच्या दोन गोष्टी उरल्या. एक, घरापुढच्या नेचर स्ट्रिपवर, म्हणजे रस्त्याकडेच्या गवताच्या पट्ट्यावर, त्याने लावलेलं अंजिराचं झाड. वसईची केळी इथल्या थंडीत जगत नाहीत, म्हणून त्याने कामावरच्या एका म्हाताऱ्या इटालियनकडून फांदी आणून समाधान मानलं होतं. दुसरी गोष्ट, मागच्या अंगणातला क्रूस. गावाकडे आळीआळीत असतो तसा, सिमेंटचा, पांढरा, छातीइतका उंच. मे महिन्यात आजूबाजूची चार वसईकर कुटुंबं तिथे जपमाळेला जमायची, थंडीने कुडकुडत, जॅकेटं घालून.

शेजारचं घर दत्तप्रसाद आणि मेधाचं. दोघं पुण्याची, दोघं आयटीत. दत्तप्रसादला नॉर्बर्टचा भारी लळा. शनिवार-रविवार अंकलच्या मागे मागे, ड्रिल कसं धरायचं, सिमेंट कसं कालवायचं, सगळं त्याच्याकडून शिकला. गणपतीत मोदक इकडे यायचे, नाताळात कुलकुल तिकडे जायचे. नॉर्बर्टच्या पेटीला खांदा द्यायला दत्तप्रसाद होता. हे सगळं लक्षात घ्या, म्हणजे पुढचं जॅनेटला का झोंबलं ते कळेल.

नॉर्बर्ट गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात रस्ते-झाडं बघणाऱ्या सरकारी खात्याची चिठ्ठी आली. नेचर स्ट्रिप सरकारची जागा, त्यावर विनापरवाना झाड, तक्रार आली आहे, काढावं लागेल. तक्रार कोणाची, ते सांगायची पद्धत नाही. जॅनेटने अर्ज केले, फोन केले, फोनवर रडली, फोनवर भांडली. शेवटी ट्रक आला आणि फळांनी लगडलेलं ते झाड लाकडाचा भुसा करणाऱ्या यंत्रात गेलं. कच्ची अंजिरं रस्ताभर सांडली. ती वेचायला जॅनेट वाकली, तर शेजारून दत्तप्रसाद धावत आला आणि तिच्याबरोबर वेचायला लागला.

“काय लोक आहेत, आंटी,” तो म्हणाला. “कोणाला काय त्रास होत होता? अंकलचं झाड होतं ते. सो हार्टलेस.”

तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडून घेतलं. पुढे तिला या गोष्टीची इतकी लाज वाटली की आठवण आली की ती हातातलं भांडं आपटायची.

कारण दिवाळीच्या आधी ती मेधाला चकल्या करायला मदत करायला गेली, आणि मेधा, जी मनाची साधी आणि तोंडाची सैल, सोऱ्या फिरवता फिरवता म्हणाली, “एक मात्र बरं झालं आंटी, ते कॉकाटू पोपट आता येत नाहीत. अंजिरं खाऊन सगळी घाण आमच्या नव्या गाडीवर! दत्ता इतका वैतागलेला, तीनदा ऑनलाइन कंप्लेंट टाकली तेव्हा कुठे…”

सोऱ्या थांबला. तेलात चकली काळी पडायला लागली.

“चकली काढ, जळतेय,” जॅनेट म्हणाली. तिने उरलेल्या सगळ्या चकल्या तळल्या, डबा भरून दिला, हात धुतले आणि घरी आली. त्या दिवसापासून जॅनेट तुस्कानोच्या आयुष्याला परत काहीतरी ध्येय आलं.

आता कोणी म्हणेल, एका झाडासाठी एवढं? झाडाचं दुःख होतंच, पण ते तिने गिळलं असतं. तिला गिळता येत नव्हती ती अंजिरं. लपून वार करायचा आणि मग बरोबरीने जमिनीवर बसून फळं वेचायची! प्लास हेडिनच्या वह्यांत प्रत्येक कोर्टाच्या माथ्यावर बारा पंचांची नावं असतात. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी फुलीचं चिन्ह केलंय, पण केलंय. शेजाऱ्यावर बोट ठेवायचं तर त्याच्या डोळ्यांसमोर, आपल्या नावानिशी. ते अडाणी वेल्श धनगर या पुण्याच्या इंजिनियरपेक्षा मर्द होते, असं तिचं मत झालं आणि ते तिने केल्विनला फोनवर ऐकवलं.

“मम्मा, लेट इट गो,” केल्विन मेलबर्नहून म्हणाला. तो तिथे क्लेटनला युनिव्हर्सिटीत नोकरी करतो आणि त्याच्याकडे सगळ्या प्रश्नांना हेच उत्तर असतं.

“झाडावर तुझ्या बापाचा हात होता.”

“आय नो. पण तुला त्या घरात राहायचंय. शेजारी आहेत ते.”

“म्हणूनच,” जॅनेट म्हणाली.

दत्तप्रसादचा जीव कशात आहे हे शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. त्याच्या मागच्या अंगणात लाकडी डेक होता, फळ्यांचा मोठा ओटा. साधासुधा नव्हे. एका कोपऱ्यात पिझ्झाचा ओव्हन, वर वेल, समोर झाडी आणि संध्याकाळी चरायला येणारे कांगारू. गुंगालिनमधली निम्मी मराठी मंडळी दिवाळी पहाटेला त्या डेकवर जमायची. त्याचे फोटो तो इतक्या वेळा टाकायचा की पुण्यातल्या त्याच्या मावश्यांनाही प्रत्येक फळी तोंडपाठ झाली असेल. आणि जॅनेटला एक गोष्ट माहीत होती. तो डेक जिथे उभा होता, ती जागा दत्तप्रसादची नव्हतीच.

ती कोणाचीच नव्हती, म्हणजे सरकारची होती. कॅनबेरात तशीही जमीन कोणाची नसते. नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने मिळते, आपण सगळी कुळंच. घरांच्या मागे राखीव माळरान आहे. काही वर्षांपूर्वी दोन्ही घरांचं मागचं कुंपण कुजलं, तेव्हा नॉर्बर्ट आणि दत्तप्रसादने मिळून नवं घातलं. आणि घालताना नॉर्बर्टमधला गासचा शेतकरी जागा झाला. त्याने खांब चांगले चार-पाच पावलं पुढे, माळरानात रोवले.

“अंकल, लाइन इथे आहे ना?” दत्तप्रसादने विचारलं होतं.

“कोण बघतंय? कांगारू?” नॉर्बर्ट म्हणाला होता, आणि दोघं लहान पोरांसारखे हसले होते. चहाचे कप घेऊन जॅनेट तिथेच उभी होती. तीही हसली होती. वाढलेल्या त्या पट्ट्यात दत्तप्रसादने डेक बांधला.

त्याच पट्ट्यात, दोन घरांमधल्या कुंपणाच्या या बाजूला, नॉर्बर्टने क्रूस उभारला.

आली का पंचाईत? दत्तप्रसादचं कुंपण दाखवायला गेलं की आपलंही दिसणार. इन्स्पेक्टर काही एका अंगणापुरती टेप धरणार नव्हता. जॅनेट आठवडाभर नकाशे उघडून बसली, आडव्या-उभ्या रेषा तपासल्या, एखादी फट मिळते का ते पाहिलं. मिळाली नाही. नॉर्बर्ट काम चोख करायचा, कुंपण एका सरळ रेषेत घातलं होतं त्याने. त्या आठवड्यात ती मेलेल्या नवऱ्याशी दोनदा भांडली.

त्याच सुमाराला तिच्यासमोर १७५१ सालातलं पान आलं. पंचांचा मुख्य ग्रिफिथ प्रोबर्ट. त्याने रीस बेव्हनविरुद्ध सांगितलं होतं, की याने डोंगरावरची सामाईक जमीन कुंपण घालून बळकावली. आणि त्याखालची ओळ अशी, की पंचांचा मुख्य ग्रिफिथ प्रोबर्ट यानेही तसंच केलं आहे. स्वतःच्या तोंडाने स्वतःविरुद्ध! दोघांना सारखा दंड, दोघांना कुंपण पाडायचा हुकूम. कारण त्या कोर्टाचा कायदाच तसा होता. माहीत असून जो पंच लपवेल, त्यालाही दंड. स्वयंसेवकांच्या गटात कोणीतरी या ओळीवर कौतुकाने लिहिलं होतं, केवढा हा प्रामाणिकपणा!

जॅनेट एकटीच मोठ्याने हसली. प्रामाणिकपणा कसला डोंबलाचा! या माणसाला रीस बेव्हनचं कुंपण पडताना बघायचं होतं, आणि त्यासाठी तो स्वतःचं पाडायला तयार झाला होता. अडीचशे वर्षं कोणाला ते कळलं नाही. जॅनेटला एका वाचनात कळलं.

ती मागच्या अंगणात गेली आणि क्रुसापुढे उभी राहिली. “तू केलं नसतंस,” ती नॉर्बर्टला म्हणाली. “पण तू नाहीयेस.”

तक्रारीत नाव देणं सक्तीचं नव्हतं. तिने पूर्ण नाव लिहिलं, पत्ता लिहिला, फोन लिहिला. दोन्ही घरं लिहिली, आधी त्याचं, मग स्वतःचं. पाठवलं आणि त्याची एक प्रत पाकिटात घालून शेजारच्या लेटरबॉक्समध्ये टाकली. मग घरी येऊन तिने बोंबलाचं कालवण केलं आणि पोटभर जेवली.

इन्स्पेक्टर बाई आली. तरुण होती, नम्र होती, आणि बिचारीला आपल्याच कुंपणाविरुद्ध तक्रार करणारी बाई नोकरीत पहिल्यांदाच भेटली होती. “आर यू शुअर?” तिने दोनदा विचारलं. मोजणी झाली. दोन्ही घरांना सारखी नोटीस. कुंपण मूळ रेषेवर आणा, पुढचं सगळं हलवा, नाहीतर खातं हलवेल.

नोटीस आली त्याच दिवशी दत्तप्रसाद आला. ऑफिसचं कार्ड अजून गळ्यात होतं. मेधा मागे फाटकापाशीच थांबली होती.

“आंटी, हे काय केलंत तुम्ही?”

“नाव घालून केलंय,” जॅनेट म्हणाली. “प्रत पण दिली तुला. मिळाली ना?”

 तो दारातच, बूट न काढता, खाली बसला. “ओके. ते झाड. मी केली होती कंप्लेंट. मला वाटलं, ते फक्त छाटतील. खरंच, आंटी. आणि मग ट्रक आला, तुम्ही रडत होतात, मला काही सुचेना. सांगायची हिंमत झाली नाही. सॉरी.”

एवढ्यासाठीच तर तिने इतके महिने दात धरला होता. आता तो शब्द समोर पडला होता, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

“झालं?” ती म्हणाली.

“तुम्ही मागे घ्या ना. तुम्हीच कंप्लेंट केलीये, तुम्ही सांगितलंत तर एक्स्टेंशन तरी मिळेल. आय’ल पे फॉर एव्हरीथिंग. आणि आंटी, तुमचा क्रूस पण जाईल हो!”

“माहीत आहे मला.”

“अंकलचा क्रूस आहे तो!”

“झाडही अंकलचंच होतं,” जॅनेट म्हणाली आणि दार लावलं. लावताना किती आनंद झाला, हे तिने नंतर केल्विनला छातीठोक सांगितलं. केल्विनने फोन ठेवला. मे महिन्यात जपमाळेला येणाऱ्या बायकांनी फादरला मध्ये घालून पाहिलं. फादर आले, चहा प्याले, क्षमेबद्दल बोलले. तिने त्यांना चार बिस्किटं जास्त वाढली आणि विषय इंद्याळवर नेला.

पाडायचा दिवस ठरला तेव्हा हिवाळा लागला होता. सकाळपासून माणसं आली, छोटं खोदयंत्र आलं. आधी कुंपण निघालं, दोन्ही घरांचं एकदम, आणि मधलं कुंपणही शेवटच्या टोकाला उखडावं लागलं. मग डेक. जॅनेट स्वयंपाकघरातली खुर्ची अंगणात घेऊन आली आणि शाल पांघरून बसली. एकेक फळी करकरत उखडली जात होती. ओव्हनच्या विटा ढासळल्या. वेलीचं गचपण ओढून ट्रकमध्ये फेकलं. जॅनेटने ते सगळं पाहिलं, आणि खोटं कशाला बोला, तिला मनापासून बरं वाटलं.  पलीकडे दत्तप्रसाद हात खिशात घालून उभा होता, चेहरा कोरा ठेवून. ती त्याच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवून होती. एक थेंब, एवढंच तिला हवं होतं.

तो आला नाही. डेक संपला, माणसांनी जागा झाडून घेतली, आणि यंत्र तिच्या अंगणाकडे वळलं.

क्रूस सहज हलवता येईल असं तिने धरलं होतं. खोदल्यावर कळलं, नॉर्बर्टने पाया कंबरेइतका खोल भरला होता. कामगारांनी पट्टे बांधले, ओढून पाहिलं, क्रूस हलेना. आडव्या हाताखाली भेग दिसायला लागली. तेव्हा दत्तप्रसाद मधल्या मोकळ्या जागेतून सरळ इकडे चालत आला आणि खड्ड्यात उतरला.

“असा नका ओढू,” तो त्या माणसांना इंग्रजीत म्हणाला. “आतमध्ये सळई आहे, तिरकी. मीच घातली होती, ही टोल्ड मी टू.” मग तिच्याकडे वळून, “आंटी, मी खालून धरतो. हळू निघेल. अंकलनी माझ्या हातूनच भरून घेतला होता हा पाया.”

“हात लावू नकोस,” जॅनेट म्हणाली.

“तुटेल तो.”

“तुटू दे. बाहेर ये.”

तो बाहेर आला. यंत्राने जोर लावला, आणि क्रूस मधोमध कडकन मोडला. वरचा तुकडा पट्ट्यात लोंबकळत राहिला, खालचा पायासकट जमिनीत. कामगाराने टोपी काढली. “सॉरी, लव्ह,” तो म्हणाला.

जॅनेटच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने दत्तप्रसादकडे पाहिलं, तर तो रडत होता. हुंदके देऊन, मातीचे हात तोंडाला लावून, “अंकल, अंकल,” म्हणत.

ती उठली. इतकं सगळं केलं ते याला रडताना बघायला, आणि हा रडत होता तिच्या नवऱ्यासाठी. डेकसाठी नाही. सगळं गुंगालिन ज्याच्यावर फिदा होतं त्या डेकच्या फळ्या ट्रकमध्ये पडल्या होत्या, त्यांच्याकडे तो ढुंकूनही बघत नव्हता. नॉर्बर्टसाठी रडायचं काम तिचं होतं, आणि तेही आता याने घेतलं होतं. असा संताप तिला झाड तोडलं तेव्हाही आला नव्हता.

“डोळे पूस,” ती ओरडली. “डोळे पूस आणि तुझ्या घरी जा!”

तो वळला आणि गेला, पण मध्ये कुंपण राहिलं नव्हतं. स्वतःच्या मागच्या पायरीवर जाऊन तो बसला, आणि जॅनेटला तो तिथूनही रडताना दिसत राहिला.